दहा हजार एकावी फरशी

बबीनं फरशीवाल्याला जिन्यातच बजावलं होतं, "अप्पांनी दहा हजार एकचा विषय काढला की नुसती मान डोलवायची. ते म्हणतील ती पूर्व!"

तिच्या बापाला, अप्पांना, लोक जपमाळ ओढताना नाही, भागाकार करताना पाहत. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. लेकीनं लग्नासाठी फरशी बसवणारा निवडला, हे त्यांनी अजून गिळलं नव्हतं. आज त्यांचा होकार मिळाला नाही तर काय, हे बबीला सुचतच नव्हतं.

चहा अर्धा झाला न झाला तोच अप्पा म्हणाले, "दहा हजार एक. मूळ संख्या! तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही. कशानंच भाग जात नाही."

"जातो की," फरशीवाला म्हणाला. "त्र्याहत्तरनं."

बबीला ठसका लागला. घ्या, झालं लग्न!

"कशावरून?" अप्पांचा आवाज चढला.

"वाचनालयाचं दालन मीच केलंय. एका ओळीत त्र्याहत्तर फरश्या, अशा एकशे सदतीस ओळी. मी शहाण्यानं मोजून आणल्या दहा हजार. शेवटी दाराजवळचा कोपरा उघडा! एका फरशीसाठी चार दुकानं पालथी घातली. मिळाली तीही जरा पिवळट."

अप्पांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. बाकी शून्य. पुन्हा मांडला. शून्यच. ते उठले आणि कपाटातून एक जीर्ण वही घेऊन आले. पानभर दहा हजार एकचे भागाकार होते, एकेका मूळ संख्येनं केलेले. शेवटचा एकाहत्तरचा, बाकी एकसष्ट. त्याखाली वेडंवाकडं लिहिलं होतं, 'मुलगी झाली! मूळ संख्या!!'

"दवाखान्याबाहेर वेळ जाईना म्हणून भागत बसलो होतो," अप्पा हळूच म्हणाले. "एकाहत्तर झाला आणि नर्सनं हाक मारली. पुढचा त्र्याहत्तरच होता गं."

आणि ते हसायला लागले. असे हसले की चष्मा चहात पडला. त्यांनी लाल पेन काढून स्वतःला शून्य गुण दिले, खाली सही ठोकली. बबीचं हसता हसता पोट दुखायला लागलं. फरशीवाला तेवढा घाबरून बशी धरून बसला होता.

"चला," अप्पांनी चपला चढवल्या. "मोजल्याशिवाय मी मानणार नाही."

वाचनालयात त्यांनी गुडघ्यांवर रांगत आधी एक ओळ मोजली, मग सगळ्या ओळी. वाचणाऱ्यांनी निमूटपणे पाय वर घेतले. दाराच्या कोपऱ्यात ती पिवळट फरशी सापडली. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं ती पुसली, लेकीला हात धरून तिच्यावर उभं केलं आणि फरशीवाल्याकडे वळले.

"ही एक नसती, तर तुझ्या दहा हजार असूनही कोपरा उघडाच राहिला असता. कळलं का, जावईबापू?"