रजेतले नऊशे खडे

विभागाच्या पुस्तिकेसाठी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने दहा ओळींत स्वतःचा परिचय द्यायचा होता. माझा मी पाळणाघराच्या पायरीवर बसून लिहिला, लेक झोपेतून उठायच्या आत. मार्गदर्शक सरांकडून परत आला तेव्हा त्यातली रजेची दोन वर्षं लाल शाईनं खोडलेली होती आणि शेवटी त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘घर व लहान मूल सांभाळून संशोधन करतात.’

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला माझ्या लेकीच्याच महिन्यात मुलगा झाला. त्याच्या परिचयात नुसते मासे होते.

“तुझ्यात नाही घातलं, घर सांभाळून?” मी विचारलं.

“खोटं कसं लिहितील? घर बायको सांभाळते.”

हसावं की पट्टीनं हाणावं, कळेना.

आमचं काम माशाच्या कानातला खडा वाचायचं. मसुराएवढा खडा कापून भिंगाखाली धरला की वर्षाला एक वलय दिसतं. उपासमारीच्या वर्षांची वलयं इतकी चिकटून येतात, की नवशिका ती गाळतो आणि म्हातारा मासा तरणा ठरतो. म्हणून प्रत्येक खडा दोघांनी वाचायचा, एकमेकांचा आकडा न बघता. एकट्याचं वाचन बाद. नियम सरांचाच. बाळंतपणासाठी घेतलेल्या रजेत सर खड्यांचे फोटो घरी पाठवत. लेक मांडीवर, एक हात तिच्या पाठीवर, असे दोन वर्षांत नऊशे खडे मी वाचले. ती शिंकली की मोजणी चुकायची, मग पुन्हा पहिल्यापासून.

वाचनाची वही उचलली आणि सरांच्या खोलीत गेले. छपाईला द्यायची पानं न्यायला कारकूनबाई उभ्याच होत्या.

“अगं, कौतुकानंच लिहिलंय मी,” सर म्हणाले. “आणि रजेची वर्षं दाखवली की लोक नाना प्रश्न विचारतात.”

“विचारू देत. सर, रजेतल्या या पानावर दुसरा वाचक कोण आहे?”

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. माझी सही. पुढच्या पानावरही माझीच.

“अगं, पण रजा ती रजा.”

“मग माझे आकडेही खोडा. नऊशे खड्यांना एकच वाचक उरेल. तुम्ही.”

सरांनी वही मिटली. कारकूनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “काय ते ठरवा बाई. फोटोखाली जागा मोकळी सोडू का?”

“वर्षं राहू द्या,” सर पुटपुटले.

“आणि ती ओळ काढा,” मी म्हणाले.

“आई असल्याची लाज वाटते का तुला?”

माझ्या कानशिलाशी काहीतरी तडतडलं. “लाज नाही वाटत, सर. पण ते तुमच्या कौतुकासाठी नाही.”

पुस्तिका आली. दोन वर्षं होती, खड्यांसकट. ती ओळ नव्हती. राग मात्र तसाच आहे. माझंच होतं ते मला भांडून घ्यावं लागलं.

पाळणाघराच्या दारातच लेकीनं पुस्तिका हिसकावली आणि माझ्या फोटोवर ओलं बोट टेकवलं.

“आई.”

हे तिनं म्हणायचं. बाकी कुणी नाही.