गळणारा आकडा

भाचीला मावशीने गुण द्यायचे नसतात, हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळपासून ती हेच सगळ्यांना सांगत होती. पण पाच परीक्षकांपैकी एक तापाने फणफणला, आयत्या वेळी दुसरं कुणी मिळेना, आणि स्केटिंग संघटनेच्या सचिवांनी तिला त्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाचांतला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा आपण काढूनच टाकतो, उरलेल्या तिघांची सरासरी धरतो. मग एकटी मावशी असे काय दिवे लावणार? इतर मुलींचे प्रशिक्षक तयार झाले. त्यातला एक मात्र हसत म्हणाला, "घरचंच कार्य आहे, बाई. होऊ दे खर्च."

ते मावशीच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं परीक्षक म्हणून बसली, पण कुठल्या पालकाचा चहा तिने घेतला नव्हता. आता या माणसाने सगळ्यांदेखत तिचं माप काढावं?

भिंगरी बर्फावर उतरली. बहिणीच्या या मुलीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कधी चाललीच नव्हती. आज जी पहिली येईल ती जागतिक ज्युनियर स्पर्धेला जाणार होती, आणि जागा एकच होती. पुढच्या वर्षी भिंगरीचं वय या गटात बसणार नव्हतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

संगीत सुरू झालं आणि मावशीचं डोकंही गरगरायला लागलं. नऊ द्यावेत तर उद्या तोंड दाखवायला जागा नाही. साडेआठ दिले तरी तो हसरा प्रशिक्षक हसणारच. मग तिला एकदम मोकळं वाटलं. सात द्यावेत! सात हा सगळ्यात कमी आकडा ठरणार, म्हणजे गळणार. पोरीचं काही बिघडणार नाही आणि आपल्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. स्वतःच्या हुशारीवर ती खूशही झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा तिने समोरच्या यंत्रावर सात दाबलेही होते.

फलकावर परीक्षकांची नावं न देता पाचही आकडे लागले. साडेसहा, सात, साडेआठ, साडेआठ, नऊ. साडेसहावर आणि नऊवर काट बसली.

सात तसेच राहिले.

मावशीने पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. साडेसहा कुणी दिले? इतकं कमी देण्यासारखं तिथे होतं तरी काय? भिंगरी केसाच्या फरकाने दुसरी आली होती. त्या सातच्या जागी साडेआठ असते तर ती आरामात पहिली आली असती. एवढा हिशेब मावशीला झोपेतही जमला असता.

मागच्या बोळात तिला बर्फोबा भेटले. सगळ्यात जुने परीक्षक. कधी हसत नसत म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. आज त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साडेसहा माझे," ते म्हणाले. "तुम्ही भाचीला भरभरून द्याल असं धरून चाललो. वरचा तुमचा गळेल, खालचा माझा गळेल, मधले तिघं काय ते खरं ठरवतील. मग सात कुणाचे?"

मावशीने नुसता स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बर्फोबा भिंतीला टेकले.

कपडे बदलायच्या खोलीत बहीण बर्फोबांचा उद्धार करत होती. म्हातारा खडूस आहे, तो कमी आकडा त्याचाच असणार, त्यानेच दावा साधला, मी तक्रार करते, असं तिचं चाललं होतं. मावशीला पाहताच तिने गळ्यात हात टाकले. निदान तू तरी तिथे होतीस, ताई, असं म्हणून ती रडायला लागली. मावशीला ती मिठी सोसवेना.

"त्यांचा आकडा गळला गं," ती म्हणाली. "मोजला गेला तो सात माझा होता."

बहिणीचे हात तसेच राहिले, मग हळूहळू खाली आले. ती मावशीकडे अशी बघत होती, जणू कुणी परकं माणूस चुकून खोलीत शिरलंय. मावशीने सगळं सांगितलं. तो टोमणा, गळणारा आकडा, आपली ती हुशारी. सांगताना तिला स्वतःचीच किळस आली.

बाकावर बसून भिंगरी बुटाची नाडी सोडत होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. बर्फावर पहिल्यांदा तिचं बोट धरून चालवलं होतं ते मावशीनेच, आणि प्रत्येक सरावानंतर ती जे विचारायची तेच तिने आजही विचारलं.

"मावशी, शेवटची उडी कशी झाली?"

मावशीला आठवेना. बर्फ आठवत होता, संगीत आठवत होतं, तो हसरा प्रशिक्षक कुठे बसला होता तेही लख्ख आठवत होतं.

"मी पाहिलीच नाही गं," ती म्हणाली.

भिंगरीने मान डोलावली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.