हेडचे मधले बोल्ट

उकंडा ड्रायव्हरचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरतं. बोरी अरबच्या चहाच्या टपरीवर बसून 'धम्मरत्न मिस्त्रीच्या हाताले यश नाही' असं माझ्याबद्दल गावभर करणारा हाच. आणि आज त्याची भाकरी माझ्या एका शब्दावर येऊन टेकली होती.

त्याच्या मालकाच्या, वामनरावांच्या ट्रॅक्टरचं इंजिन मी दीड महिन्यापूर्वीच बांधून दिलं होतं. आज ट्रॅक्टर जीपनं ओढून आणावा लागला. पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. वामनराव गॅरेजसमोर उभे राहून गरजत होते.

"यानं पाणी न पाहता गाडी हाणली. तू फक्त तसं सांग, धम्मरत्न. आत्ताच्या आत्ता याले कामावरून काढतो."

"सकाळी पाणी पाहूनच निघालतो मी!" उकंडा माझ्याकडे बोट करून ओरडला. "यालेच इचारा, काय बांधलं ते!"

मनात म्हटलं, थांब लेका, आज बरा सापडलास.

सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली धावतो आणि वरून हेड झाकण घालून बसतं. पिस्टन वर येताना कोंडलेली हवा इतकी तापते की डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. तो सगळा जोर हेडनं अडवायचा. हेडखाली पातळ गॅसकेट असते, ती सगळीकडून सारखी दाबली गेली पाहिजे. म्हणून हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या अंगाला, तीन फेऱ्यांत आवळायचे. हे मी झोपेतही सांगेन.

कडेचे बोल्ट सोडताना पान्याला पाइप लावून लोंबकळावं लागलं. मधले मात्र एका झटक्यात फिरले. म्हणजे ते नीट आवळलेलेच नव्हते.

हेड उचललं. पाण्याविना इंजिन तापलं असतं तर सिलिंडरमध्ये ओरखडे दिसले असते. एकही नव्हता. दोन पिस्टन काजळीने काळे, मधला धुतल्यासारखा स्वच्छ. गॅसकेट तिथेच फुटली होती आणि पाणी आत शिरत होतं.

इंजिन बांधलं तो दिवस आठवला. उकंडा डोक्यावर उभा राहून टोमणे मारत होता, "जमत नसन तर तसं सांग ना." रागाच्या भरात मी एका टोकापासून सुरुवात केली, एकाच फेरीत सगळे बोल्ट आवळले आणि त्याला हाकललं.

हातात फडकं होतं. एकदा फिरवलं की काजळी पुसून तिन्ही पिस्टन सारखे. उकंडाला गाडी चालवता येते, आतलं ओ की ठो कळत नाही. वामनरावांना तर तेवढंही नाही.

"बोल ना," वामनराव म्हणाले. "ड्रायव्हरचीच चूक ना?"

खरं सांगतो, 'हो' ओठांवर आलं होतं. फार गोड लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "बोल्ट म्याच चुकीचे आवळले. याचं काही चुकलं नाही."

वामनरावांनी मला चारचौघांत सोलून काढलं. पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाले, आणि हेड दारव्ह्याच्या मिस्त्रीकडे न्यायला सांगितलं. बिडाचं हेड एकट्याला उचलवत नाही. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने उकंडाने. जीपमध्ये हेड ठेवून त्यानं हात झटकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला,

"खोटं बोलला असता तर जिंदगीभर तुले शिव्या देता आल्या असत्या मले. तेवढंही नाही ठेवलं तू."