पडलेल्या पानाचा देठ

चौदा महिने शब्दकोशात खूण म्हणून राहिलेलं अक्षदाचं पत्र म्हात्रे सरांनी बाहेर काढलं आणि पुन्हा वाचलं.

"बाबांच्या गाठीतल्या पेशी मरायचं विसरल्यात, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही अकरावीला शिकवलं होतं, पेशी ठरल्या वेळी आपणहून मरते त्याला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानगळ. मी बाबांना तेच सांगितलं. ते म्हणतात, सरांना विचार, खरं का."

बाबा म्हणजे कॉलेजचा शिपाई दगडू. सरांच्या तासाला दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. ऐकता ऐकता एकदा घंटा द्यायचीच विसरला, तेव्हा सरांनीच त्याला चारचौघांत झापलं होतं.

खरं का? सरांनी पुस्तकं उघडली. एकात पानांचं गळणं, दुसऱ्यात पाकळ्यांचं. आपण पंचवीस वर्षं चुकीचं तर शिकवलं नाही? खात्री झाली की लिहू, असं म्हणता म्हणता चार महिने गेले आणि मानपाड्याहून, त्याच्या घरून कळलं, दगडू गेला. मग तर हात धजेना.

पत्र खिशात घालून सर खाली उतरले. कोपरीच्या त्यांच्या जुन्या सोसायटीत झाडलोटीला येणारी कांता अंगण झाडत होती. चाफ्यापाशी थांबून सरांनी नकळत एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक बोटांवर ओघळला.

"तोडता कशाला, सर? डाग जात नाही त्याचा." कांताने केरातलं एक पिवळं पान उचलून पुढे केलं. "हे बघा. आपणहून पडलेल्याला चीक असतो काय? एवढी पुस्तकं वाचता तुम्ही."

सरांनी देठ डोळ्यांजवळ नेला. टोक कोरडं होतं, नीट मिटलेलं. हेही त्यांनीच शिकवलं होतं, दरवर्षी, फळ्यावर आकृती काढून.

वर जाऊन त्यांनी कोश न उघडता लिहिलं. कागद एकच, खाडाखोड नाही. संध्याकाळी टपालपेटीपाशी त्यांनी पत्ता पुन्हा तपासला. पाकिटावर अक्षदाचं नाव होतं. आतलं पत्र मात्र असं होतं:

"दगडूभाऊ, तुम्ही विचारलंत ते खरं आहे. कोणी पान म्हणतं, कोणी पाकळी. मी तेवढ्यावरच अडून बसलो. झाड आधी देठापाशी जखम बुजवतं, मगच पान सोडतं. एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि त्या दिवशी घंटा उशिरा झाली, ते मला आवडलं होतं."

पाकीट आत पडल्याचा आवाज येईपर्यंत सर थांबले.