कुदळींची रांग

"रांगेनं येऊ नका म्हणतेस?" ओडोचने कान खाजवला. "पायवाट पाऊलभर रुंद. एकामागे एक नाही यायचं तर काय उडत यायचं?"

लान्येरो त्याच्या अंगणात उकिडवी बसली होती. ओडोच म्हणजे गावातला कुदळींचा राजा. त्याला ना राजवाडा, ना पगार. कुणाच्या रानात कधी सगळ्यांनी मिळून खणायचं ते तो ठरवतो आणि पहाटे शिंग फुंकून माणसं बाहेर काढतो. उद्या लान्येरोची पाळी होती.

"मग उजाडल्यावर या."

"उन्हात भाजू माझी माणसं? आनेनोच्या आई, मागच्या वर्षी तुझ्या दारात आलो तर चूल थंड, दार सताड उघडं, तू गायब. राजाची शोभा झाली. उद्या परत तसं झालं तर तुझी पाळी कायमची गेली. मग माझ्या पाया पडू नकोस."

"माहीत आहे."

"आल्याआल्या क्वेतेनं भरलेला पहिला भोपळा यजमानणीच्या हातचा. मग कुदळ जमिनीला लागते. हे मी नाही ठरवलं, माझ्या आज्यानंही नाही."

क्वेतेची दारू तिने केली होती. नाचणी उसनी आणून, भिजवून, मोड आणून, आंबवून. त्याची काळजी नव्हती.

*

मागचं वर्ष.

छातीएवढं गवत. पहाट. गवतातून माणसांची रांग, प्रत्येकाच्या खांद्यावर काहीतरी लांब. कुदळी आहेत हे तिला कळत होतं. पायांना कळलं नाही.

*

अशाच रांगेने बंडखोर आले होते. ती तेव्हा पोरगी होती. त्यांनी नेली ती परतली तेव्हा बाई झाली होती आणि पाठीशी तान्ही आनेनो बांधलेली होती. पुढे लढाई थांबली, निर्वासितांच्या छावण्या मोडल्या, लोक आपापल्या जमिनींवर परतले. जमिनी गवताने गिळल्या होत्या. तसली जमीन एका कुदळीने उघडत नाही. मागच्या वर्षी लान्येरोने एकटीने खणली ती अंगणाएवढी. त्यात तीळ कसले येणार? मग टोपलीभर कसाव्याच्या कंदांसाठी दुसऱ्यांची रानं खण. आनेनोची शाळा बंद झाली.

लान्येरोबद्दल गावात तीन मतं होती. आळशी आहे. गर्विष्ठ आहे. मेलेल्यांची बाधा आहे.

दवाखान्यातल्या मुलीचं चौथं. "भीती आली की नाकानं सावकाश श्वास घ्यायचा आणि मनात चारपर्यंत मोजायचं." चांगलं होतं ते. फक्त चार व्हायच्या आत लान्येरो ओढ्यापलीकडे असायची.

पण दुसऱ्यांच्या पाळीला ती कधी चुकली नाही. शिंगाच्याही आधी ओडोचच्या दारात. रांगेत असलं की रांग दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते.

*

"मग मी आज इथंच झोपते. तुमच्याबरोबरच येते."

ओडोच बघतच राहिला. "यजमानीण पाहुणी होऊन आपल्याच घरी?"

"येऊ दे की," चुलीपासून त्याची बायको लामारो म्हणाली. "रांगेत असली तर पळताना धरता तरी येईल."

"तू गप."

"गप काय? मागच्या वर्षी उपाशीपोटी परत चालत आले मी. पाय माझे दुखले."

लान्येरो हसली. लामारोने तिच्यापुढे ताट सरकवलं.

ओडोच ऐकणार नाही हे ठाऊक होतं म्हणून संध्याकाळी घरून निघतानाच तिने आनेनोला सगळं सांगून ठेवलं होतं. क्वेतेवर झाकण ठेव. चूल विझू देऊ नकोस. शिंग वाजेल, आम्ही येऊ, मी त्यातच असेन.

"हो," आनेनो म्हणाली. ती कधी उलट काही विचारत नसे. लोक म्हणत, गुणाची पोर.

*

"मी पुढं चालू का?" पहाटे लान्येरोने विचारलं.

"पुढं राजा चालतो. तू ओब्वोनाच्या मागं."

"ओब्वोनाच्या मागं गेली तर ती कुणाला दिसायची पण नाही. हत्तीच्या मागं शेळी."

"हत्ती म्हण, पण आज दोन भोपळे लागतील मला."

"आधी खण, मग पी."

"लान्येरो, आहेस ना गं मागं?"

"आहे."

"पळाली नाही अजून. शिंग फुंका!"

*

ओब्वोनाच्या पाठीआडून तिने मान काढली तेव्हा घराच्या अंगणात आनेनो उभी होती. चुलीतून धूर निघत होता. पोर रांगेकडे बघत होती. मग अंगणात आनेनो नव्हती. कडेचं गवत एकदा हललं आणि मिटलं.

आवाज नाही. मागे वळून बघणं नाही.

हे हिला कुणी शिकवलं? लान्येरोनेच. मागच्या वर्षी, मनगट धरून.

"पोरगी कुठं चालली?" लामारो म्हणाली.

"भूक लागली की येईल," ओडोच म्हणाला. त्याने कुदळ खांद्यावरून उतरवली. "भोपळा भर, आनेनोच्या आई. दिवस चढतोय."

लान्येरोने झाकण काढलं, भोपळा बुडवला, भरला. सगळे बघत होते.

"नाही यायची ती."

"मग हाक मार."

"हाकेला तर अजिबात यायची नाही. हाक मारणाऱ्याकडे जायचं नसतं."

तिने भरलेला भोपळा लामारोपुढे धरला. "तू वाढ."

"मी? माझं घर आहे का हे?"

"लान्येरो," ओडोच हळू आवाजात म्हणाला, "तू गेलीस तर मला यांना परत न्यावं लागेल."

भोपळा लामारोच्या हातात होता. लान्येरो गवतात शिरली होती.

*

आनेनो वाळवीच्या वारुळामागे पालथी पडली होती, तोंड मातीत. लान्येरोने हाक मारली नाही. शेजारी जाऊन तशीच पालथी झोपली.

पोरीने मान तिच्याकडे वळवली. "ते आले."

"आपलीच माणसं आहेत गं ती."

"तू पण होतीस?"

"होते."

"तुला धरलं होतं?"

"नाही. मी माझी चालत आले."

आनेनोने यावर विचार केला. उत्तर तिला पटलेलं दिसलं नाही. तिने आईच्या कपड्याचा काठ मुठीत धरला.

अंगणात भांडण लागलं होतं. शब्द तुटक येत होते. पाळी. नियम. पोर. लामारोचा आवाज सगळ्यांच्या वर. मग पायवाटेवरून पावलं गेली, बरीच.

मग काहीच नाही.

मग एक कुदळ जमिनीला लागली.

थोड्या वेळाने दुसरी. अख्खी रांग नव्हती, असतील तीन-चार. जमिनीला टेकलेल्या गालाला ते घाव एकेक करून लागत होते, ओढ्याकडच्या बाजूने, जिथे गवत सगळ्यात दाट होतं.

उठायला हवं होतं. पाणी द्यायला हवं होतं, कोण राहिलं ते बघायला हवं होतं. लान्येरोने हलायचा प्रयत्न केला तशी काठावरची मूठ आवळली. ती पुन्हा पडून राहिली. ऊन गवताच्या बुडापर्यंत उतरलं. मूठ हळूहळू सैल होत गेली आणि तोंड उघडं टाकून पोर झोपली.