रोस्नाची यादी

२००३ साली अमेरिकेतल्या चँडलरच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याला, नरेंद्रला, सांगण्यात आलं, की चिप तपासण्याचं त्याचं काम मलेशियात हलणार. तिथून तीन बायका येतील, त्यांना शिकवायचं आणि मे अखेरीस घरी जायचं. आपली जागा घेणाऱ्यांना आपणच तयार करायचं, ही इथली रीत. त्या वर्षी दुसरी नोकरी मिळणं अवघडच होतं, आणि नोकरी गेली की व्हिसाही जातो, म्हणजे भारतात परत. तरी मी म्हटलं, मे तर मे. तोवर आमच्या इशिताची बारावी पुरी होईल.

जानेवारीत त्याने तिघींना जेवायला आणलं. रोस्ना त्यांच्यात मोठी. वरणभात आवडीने खाल्ला, पण इंग्रजीत काही विचारलं की मान खाली.

"शैलजा, मॅन्युअल उघडलं की फ्रीझ होतात यार," नरेंद्र मला म्हणाला. "दिवसाला एक पान."

मी नागपूरची, भाषाशास्त्रातली एमए. नवऱ्याच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, म्हणून सहा वर्षं घरात बसलेली. माझे हात शिवशिवायला लागले. मी रोस्नाला विचारलं, तुमच्या मलयमध्ये स्क्रूला काय म्हणतात? "स्क्रू." वायरला? "वायर." पाइपला? "पाइप." ती हसायला लागली. मग मी तिला सांगितलं, की इंग्रजांनीही तुमच्याकडून घेतलेत: पिसाळून धावण्याचा अमॉक तुमचा, भातशेतीचा पॅडी तुमचा, वेताचा रॅटनसुद्धा तुमचा.

"आवर वर्ड्स?" तिने तीनदा विचारलं.

महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही दोघी मॅन्युअलमधले शब्द निवडत बसलो. कितीतरी शब्द तिच्या भाषेत कधीचेच मुक्कामाला होते. यादी कारखान्यात छापली गेली आणि तिघींची भीती मोडली. "आता माझ्याच चुका काढतात," नरेंद्र कौतुकाने सांगायचा. मीही फुगले होते. आपण काय करतोय हे आम्हा दोन शिकल्यासवरल्या गाढवांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मॅनेजरने नरेंद्रची पाठ थोपटली. ट्रेनिंग तीन महिने आधीच पूर्ण. त्यामुळे येता शुक्रवार शेवटचा.

इशिताला त्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलं.

"बट यू सेड मे, बाबा! माय ग्रॅज्युएशन?"

"ट्रेनिंग लवकर संपलं गं."

"हाउ?"

"त्या हुशार निघाल्या," तो ताटाकडे बघत म्हणाला. मला पाठीशी घालत होता. मला ते सहन झालं नाही.

"माझ्यामुळे," मी म्हणाले. "ती यादी मी केली."

आता ही ओरडेल, ताट ढकलेल, असं मला वाटलं. मला ते हवंच होतं. इशिताने पोळ्यांचा डबा पुढे ओढला.

"यू वेअर सो हॅपी दॅट मंथ, आई," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात पोळी वाढली.