दहाचा दगड, अकराव्यावर

मित्रांनो, वडनेरहून डांबरी रस्त्याने निघालात की नाल्यापलीकडच्या चढावर कमरेएवढा एक जुना दगड दिसतो. तो मीच. तुम्ही गाडीच्या खिडकीतून माझा आकडा वाचता आणि पुढे जाता. आज जरा थांबा. सगळे मला मैलाचा दगड म्हणतात, पण मी जन्मापासून किलोमीटरचा. मैल कसा असतो ते मी पाहिलेलंही नाही.

पाथरवटांनी खाणीत मला घडवलं आणि रंगाऱ्याने पोटावर लिहिलं, 'वडनेर १०'. केवढा अभिमान वाटला मला! तेव्हा मी नाल्याच्या अलीकडे उभा होतो. तिथे सगळी काळी माती. पावसात फुगायची, उन्हात भेगाळायची, आणि मी दरसाल आडवा पडायचो. रस्त्यावर काम करणारे भैयाजी मला उचलून उचलून कंटाळले. १९७९ साली त्यांनी मला बैलबंडीत घातलं आणि घट्ट मुरूम लागेपर्यंत बंडी थांबवलीच नाही. मुरूम लागला तो एक किलोमीटर पुढे. आकडा मात्र तोच राहिला. मी पक्का झालो आणि खोटाही झालो. कुणाचं काही अडलं नाही, म्हणून मलाही त्याचं काही वाटलं नाही.

मग १९८३च्या दिवाळीनंतर वडनेरची नलू पळत यायला लागली. ती बालवाडीत शिकवायची. पायात दोनदा शिवलेले कापडी बूट, अंगात सलवार-कुर्ता, आणि मागे सायकलवर तिचे वडील महादेवराव. सायकलच्या दांड्याला पिशवी, पिशवीत घरचं गजराचं घड्याळ. गावातले लोक हसायचे, महादेवराव स्वतःच पोरीले पळवून राह्यले म्हणायचे. महादेवरावही हसायचे आणि पायडल मारायचे. नलू मला हात लावून परत फिरायची. दगडाच्या जन्मात एवढा मान कुणाला मिळतो?

फेब्रुवारीत नागपूरला मॅरेथॉन होती, बेचाळीस किलोमीटरची. साडेचार तासांच्या आत पोचेल त्याचीच नोंद होणार होती. पंधरा दिवस आधी नलूने गावापासून माझ्यापर्यंत दोन चकरा मारल्या. तिच्या हिशेबाने चाळीस किलोमीटर झाले. घड्याळात चार तास पस्तीस मिनिटं झाली होती.

शेवटच्या आठवड्यात ती रोज थोडंच पळायची, उरलेली वाट वडिलांच्या सायकलवर यायची आणि माझ्यावर बसून जास्त काळजी करायची. पहाटे भाकर खावी की नुसतं केळं? अंगठ्याचं नख काळं पडलंय, ते टिकेल का? शहरातल्या मुली सलवार बघून हसतील का? पण या सगळ्या वरवरच्या गोष्टी होत्या. आतली काळजी मंगळवारी बाहेर आली.

"मी नाई येत नागपूरले, बाबा," ती म्हणाली. "चाळीसलेच साडेचार तासाच्या वर लागले, असे पाय हायेत माये. बेचाळीस कवा होतील?"

महादेवरावांनी घड्याळ पिशवीत ठेवलं आणि सायकल वळवली. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या आकड्याची लाज वाटली. ती चाळीस नाही, चव्वेचाळीस पळली होती. हे मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

बुधवारी ती आलीच नाही. गुरुवारी भैयाजी चुन्याची बादली घेऊन आले आणि मला रंगवायला बसले. तेवढ्यात महादेवराव एकटेच सायकलवर आले. घड्याळ नव्हतं. माणूस मोकळा होण्यासाठी बोलतो तसं ते बोलत गेले. दोन चकरा, चाळीस किलोमीटर, पोरीने सोडलेली हिंमत. भैयाजींचा कुंचला मध्येच थांबला. त्यांच्या नोकरीचे चारच महिने उरले होते. चूक कबूल करायची त्यांना काही गरज नव्हती.

"महादेवराव," ते खाली बघत म्हणाले, "हा दगड इथचा नाई. म्याच सरकवला. तुमची पोरगी जास्त पळून राह्यली."

शुक्रवारी बापलेक दोघं आले. महादेवरावांनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधली आणि माझ्या जुन्या खड्ड्यापासून फेरे मोजत आणले. साडेचारशेवर फेरे झाले, म्हणजे पुरा एक किलोमीटर. नलूने बालवाडीचा खडू काढला आणि चुना न लागलेल्या माझ्या पाठीवर गणित मांडलं. दोनदा मांडलं; बेचाळीस साडेचार तासांच्या आत बसत होते. मग तिने माझ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. एवढी चिवट मुलगी मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

रविवारी ती चार तास सव्वीस मिनिटांत पोचली. पदक मिळालं नाही, पण नोंद झाली. परतताना तिने एसटी गावात नाही, माझ्यापाशी थांबवली. भैयाजींकडून रंग मागून तिने स्वतः माझ्या शून्याचा एक केला. आकडा खरा झाला, अकरा.

आता माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. कुणी जाहिराती चिकटवतं, कुणी पान थुंकतं, वेली तोंडावर येतात. मित्रांनो, जाता-येता वेल बाजूला करा, जमलं तर चुन्याचा हात फिरवा. मात्र रंग उडाला की एकाच्या आड जुनं शून्य दिसतं, ते खरवडू नका. नलू रोज अकरा पळून ते खोटं ठरवत होती आणि तिलाच ते माहीत नव्हतं.